डोळ्यातली दुर्बीण: पडदा खराब झालेल्या माणसासाठी लेन्स बसवायची का, हे कसं ठरवाल

“मॅडम, पडदा बदलून मिळतो का?”

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि माझं काम ‘लो व्हिजन’चं. चष्म्याने, औषधाने, ऑपरेशनने आता आणखी काही होणार नाही असं ज्यांना सांगून झालंय, ती माणसं शेवटी माझ्या खोलीत येतात. बरोबर मुलगा नाहीतर सून असते, हातात रिपोर्टांची पिशवी असते आणि मोबाइलमध्ये कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ असतो: परदेशात म्हणे डोळ्याच्या आत दुर्बीण बसवतात आणि आंधळ्याला दिसायला लागतं.

पडदा बदलून मिळत नाही. दुर्बीण मात्र खरोखर बसवतात. आंधळ्याला दिसायला लागतं हे खोटं, पण काही ठरावीक माणसांना समोरच्याचा चेहरा पुन्हा ओळखू येतो हे खरं. तुमच्या घरचं माणूस त्या ठरावीक माणसांत बसतं का, हे एकेक पायरी चढत तपासायचं असतं. त्या पायऱ्या इथे लिहिते. बऱ्याच जणांना दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरून परत फिरावं लागेल, हे आधीच सांगून ठेवते. मुंबई-चेन्नईच्या वाऱ्या करून तिकडून परतण्यापेक्षा ते घरच्या घरी कळलेलं बरं.

आधी आजाराचं नाव कागदावर लिहून घ्या

‘पडदा खराब आहे’ हे निदान नव्हे. त्या दोन शब्दांत निदान पाच वेगळे आजार लपलेले असतात. मधुमेहामुळे पडद्यावर रक्त उतरतं तेही ‘पडदा खराब’, पडदा सुटतो तेही, आणि काचबिंदूत मुळात नस खराब होते तरी घरात पडदाच म्हणतात. म्हणून डॉक्टरांना नाव विचारा आणि केसपेपरवर लिहून मागा.

डोळ्यातली दुर्बीण ज्या आजारासाठी बनली तो म्हणजे वयोमानाने होणारं मॅक्युलर डीजनरेशन. पडद्याच्या अगदी मधोमध मॅक्युला नावाची जागा असते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, नोटेवरचा आकडा बघणं ही सगळी बारीक कामं तिच्या भरवशावर चालतात. ती झिजली की नजरेच्या मध्यावर डाग बसतो. सभोवतालचं मात्र दिसत राहतं. अशी आजी घरभर फिरते, दाराच्या चौकटीला धडकत नाही, खाली पडलेली काडी उचलते आणि समोर उभ्या असलेल्या नातवाला “कोण रे तू?” विचारते. घरच्यांना वाटतं, सोंग करते. सोंग नसतं. तिला नातवाचे कान दिसतात, खांदे दिसतात, नाकडोळे दिसत नाहीत.

आता याच्या उलट रेटिनायटिस पिग्मेंटोसा बघा. तिथे कडेची नजर आधी जाते आणि माणूस नळीतून बघितल्यासारखं बघतो. त्याच्या डोळ्यात दुर्बीण बसवली तर उरलेला छोटासा झरोका आणखी अरुंद होईल. काचबिंदूने कडा गेलेल्या डोळ्याचंही तेच. केसपेपरवर यांपैकी नाव निघालं, तर दुर्बिणीचा विषय इथेच संपला.

मॅक्युलर डीजनरेशनचेही दोन प्रकार आहेत. कोरड्यात मॅक्युला हळूहळू विरत जातो. ओल्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, गळतात आणि शेवटी व्रण ठेवून जातात. ओला प्रकार चालू असेल तर लेन्सबिन्सचा विचार बाजूला ठेवा. डोळ्यात द्यायची इंजेक्शनं वेळेवर घ्या, कारण तिथे आठवडे मोजावे लागतात. सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या, म्हणजे खिडकीचे गज किंवा फरशीची सांध नागमोडी दिसली, तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. दुर्बीण ही वादळ शमल्यानंतरची गोष्ट आहे. गेल्या ६ महिन्यांत गळतीसाठी उपचार घ्यावा लागला असेल, तर त्या डोळ्यात ती बसवत नाहीत.

जाता जाता एक सांगते. अशा काही रुग्णांना नसलेल्या गोष्टी दिसतात: भिंतीवर फुलं, अंगणात छोटी माणसं, रंगीत नक्षी. घरात कुजबुज सुरू होते, कुणी अंगारा आणतं. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. त्या स्विस माणसाने १७६० मध्ये आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला होता. डोळ्यांकडून चित्र येईनासं झालं की मेंदू आपल्या मनाची चित्रं भरतो. डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगा, नाहीतर माणसाला उगाच वेडं ठरवलं जातं.

दुर्बीण नेमकं काय करते

मेलेल्या पडद्यात ती जीव घालत नाही. तिचा उद्योग साधा आहे: चित्र मोठं करायचं. चेहरा पडद्यावर छोटा पडला की अख्खाच्या अख्खा त्या डागात बुडतो. तोच अडीचपट मोठा पडला की डागाबाहेरच्या निरोगी पडद्यावर सांडतो आणि मेंदूच्या हाती काहीतरी लागतं. गॅलिलिओच्या दुर्बिणीत पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र भिंग असायचं, त्यामुळे चित्र सुलटं दिसायचं. इथे तेच तत्त्व वापरलं आहे, फक्त डोळ्याची स्वतःची कॉर्निया, म्हणजे बाहेरची पारदर्शक काच, त्यातला एक भाग बनते.

या उपकरणाचं इंग्रजी नाव ‘इम्प्लांटेबल मिनिएचर टेलिस्कोप’, थोडक्यात आयएमटी. इस्रायलचे नेत्रतज्ज्ञ आयझॅक लिपशिट्झ यांची ही कल्पना. लांबी साधारण ४.४ मिलिमीटर, जाडी ३.६ मिलिमीटर, म्हणजे मुगाच्या दाण्याएवढी. मोतीबिंदू काढल्यावर नेहमीची लेन्स जिथे बसते त्याच पिशवीत हा दाणा बसवतात आणि त्याचं तोंड बाहुलीतून किंचित पुढे येतं. २.२ पट आणि २.७ पट मोठं दाखवणारे असे याचे दोन प्रकार आले. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने जुलै २०१० मध्ये ७५ वर्षांवरच्या रुग्णांसाठी परवानगी दिली आणि २०१४ मध्ये ही अट ६५ वर आणली.

मोठं दिसण्याची किंमत मोजावी लागते. हात समोर लांब करून मूठ धरा. ती मूठ साधारण १० अंश जागा व्यापते. २.२ पटीच्या दुर्बिणीतून एका वेळी दिसतं सुमारे २४ अंश, म्हणजे जेमतेम अडीच मुठी. २.७ पटीत दोनच. त्या डोळ्याची बाकीची दुनिया अंधारात जाते. म्हणूनच दुर्बीण एकाच डोळ्यात बसवतात, दोन्हीत कधीच नाही. एका डोळ्याने ओळखायचं आणि दुसऱ्याने चालायचं, अशी ही वाटणी असते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी थांबा

ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो हा.

मध्यंतरी बार्शीकडचे एक निवृत्त शिक्षक आले होते. दोन्ही डोळ्यांचे मॅक्युले गेलेले, तब्येत ठणठणीत, डोकं तल्लख, शिकायची हौस दांडगी. म्हणजे कागदावर हवा तसा उमेदवार. फक्त वर्षभरापूर्वी एका दवाखान्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून साध्या लेन्स टाकून झाल्या होत्या. “दिसेल म्हणाले होते, काही फरक पडला नाही,” एवढंच ते म्हणाले. पडदा एवढा खराब असताना ऑपरेशनने किती फरक पडेल, याची चर्चाच त्यांच्याशी कुणी केली नव्हती. मोतीबिंदू काढून लेन्स टाकलेल्या डोळ्यात एफडीएने मान्य केलेली आयएमटी बसवत नाहीत. ज्या डोळ्यात बसवायची त्यात आधी कोणतंही ऑपरेशन झालेलं नसावं आणि मोतीबिंदू शिल्लक असावा, अशी अटच आहे. एक डोळा तरी राखला असता, तर विचार करता आला असता.

याचा अर्थ मोतीबिंदू अंगावर काढायचा असा घेऊ नका. पडद्याचा आजार सौम्य असलेल्या बहुतेकांना साध्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनने चांगला उजेड येतो, रंग येतात, आणि त्यांच्यासाठी तेच योग्य असतं. मोतीबिंदू फार पिकला तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. डॉक्टरांनी तातडी सांगितली तर ऐका. पण दोन्ही मॅक्युला पार गेलेले असतील आणि तातडी नसेल, तर तारीख घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: “या डोळ्यात साधी लेन्स टाकली की पुढे कोणते रस्ते बंद होतील?” उत्तर द्यायला डॉक्टरांना दोन मिनिटं लागतात.

रिपोर्टांची पिशवी

पुढे सरकण्यासाठी चार-पाच आकडे हाताशी हवेत. यात फार वेळ घालवू नका. एका चांगल्या डोळ्यांच्या दवाखान्यात हे सगळं एका दिवसात होतं.

चष्मा लावून चार्टवरची नजर: आयएमटीसाठी ती २०/१६० ते २०/८०० या दरम्यान असावी लागते. आपल्याकडच्या भाषेत ६/४८ ते ६/२४०. (६/६० म्हणजे धड नजरेला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून दिसणं.) म्हणजे ६/६० वाला माणूस यात बसतो, आणि चार्टवरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर दीड मीटरवर उभं राहून वाचणाराही बसतो. त्याहून चांगली नजर असेल तर दुर्बिणीने फायद्यापेक्षा अडचण जास्त. नुसताच उजेड कळत असेल, तर मोठं करायला चित्रच नाही.

ओसीटी, म्हणजे पडद्याचा उभा छेद दाखवणारा फोटो: गळती थांबली आहे का, हे यावरून कळतं.

स्पेक्युलर मायक्रोस्कोपी: कॉर्नियाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी मोजतात. हा रिपोर्ट बहुतेकांच्या पिशवीत नसतो आणि निर्णय मात्र बऱ्याचदा यावरच फिरतो. का, ते ऑपरेशनच्या भागात येईलच.

कॉर्नियामागच्या पोकळीची खोली: ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मुगाच्या दाण्याला जागा पुरत नाही.

दुसऱ्या डोळ्याची कडेची नजर आणि दोन्ही डोळ्यांचा दाब: चालण्याचं काम ज्या डोळ्यावर टाकायचं, त्याची कडा धड असायला हवी.

आणखी एक अट आहे, ती ऐकून लोक हसतात. डोळे चोळायची सवय असलेल्याला हे बसवत नाहीत. काचेचा दाणा आत असताना डोळा चोळणं म्हणजे कॉर्नियाच्या अस्तरावर घाव घालणं. आजोबांना पन्नास वर्षांची सवय असेल तर ती अट कागदावरची उरत नाही.

बाहेरची दुर्बीण लावून रंगीत तालीम

ऑपरेशनआधी चष्म्यासारख्या फ्रेममध्ये तेवढ्याच ताकदीची दुर्बीण लावून बघता येते. चार्टवर किमान पाच अक्षरं जास्त वाचता आली तरच पुढे जायचं, असा नियम आहे. माझ्या मते पाच अक्षरं ही किमान पात्रता. खरी परीक्षा त्यानंतर असते.

वाईचे एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांना खुर्चीत बसवून उजव्या डोळ्यावर दुर्बीण लावली आणि डावा झाकला. समोरच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. थोडा वेळ मान इकडेतिकडे हलवत राहिले आणि मग म्हणाले, “एकवीस... लाल आहे. रविवार.” सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याकडे मान वळवून ते म्हणाले, “तू टिकली कधीपासून एवढी मोठी लावायला लागलीस?” सगळे हसलो. त्याच उत्साहात ते उठायला गेले, फरशी एकदम जवळ आल्यासारखी वाटली आणि त्यांनी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं. “बाप रे, हे काढ आधी.”

त्या पाच मिनिटांत त्यांना जे कळलं ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नसतं. दुर्बिणीतून सगळं मोठं आणि जवळ दिसतं, मान जराशी हलली की जग भर्रकन सरकतं, आणि पायाखाली काय आहे ते दिसतच नाही. ऑपरेशननंतर ती काढून टेबलावर ठेवता येत नाही.

म्हणून तालीम घरीही करा. दोन-तीन पटीची साधी दुर्बीण किंवा चष्म्याला लावायची दुर्बीण लो व्हिजन केंद्रातून मिळते. रोज अर्धा तास, दोन आठवडे, खुर्चीत बसूनच. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याचा चेहरा. गॅलरीतून समोरच्या इमारतीतलं वाळत घातलेलं धुणं मोजणं. ताटातली कोशिंबीर कोणती आणि चटणी कोणती. बसल्या जागेवरून दारात कोण आलं ते ओळखणं. रोज काय जमलं आणि काय नाही, चक्कर आली का, कंटाळा आला का, हे घरातल्या कुणीतरी वहीत लिहायचं. दोन आठवड्यांनी वही वाचली की निर्णय बहुतेक आपोआप झालेला असतो. माझ्या अनुभवात निम्मी माणसं इथे म्हणतात, “मॅडम, ही हातातलीच बरी आहे. लागेल तेव्हा लावतो, नको तेव्हा खिशात.” त्यांचं बरोबर असतं. बाहेरच्या दुर्बिणीने काम भागत असेल, तर ती आत बसवायचं कारण काय?

आतल्या दुर्बिणीचा फायदा बाहेरचीला कंटाळलेल्यांना होतो. डोळ्यापुढे यंत्र धरून नातवाशी बोलणं ज्यांना नको वाटतं, ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना मान न हलवता नुसती नजर फिरवून बघायचं असतं, त्यांना. दुर्बीण आत असली की ती डोळ्याबरोबर फिरते.

ऑपरेशन: कुठे फायदा, कुठे धोका

साधं मोतीबिंदूचं ऑपरेशन आता अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून होतं. पहिल्या पिढीची दुर्बीण काचेची आणि न दुमडणारी, त्यामुळे छेद सुमारे १२ मिलिमीटरचा. तो टाक्यांनी शिवावा लागतो आणि जखम भरायला वेळ लागतो. पुढे आलेल्या छोट्या छेदाच्या नव्या पिढीत दाण्याच्या आधाराचे पाय दुमडतात आणि काम साडेसहा ते साडेसात मिलिमीटरमध्ये होतं. शिबिरांतल्या बिनटाक्याच्या मोतीबिंदू ऑपरेशनचा छेद साधारण याच्या आसपास असतो, म्हणजे कल्पना येईल.

परवानगीमागच्या अमेरिकी चाचणीत २१७ रुग्ण होते आणि त्यातल्या २०६ जणांना दुर्बीण बसवता आली. वर्षभराने ६७ टक्के डोळ्यांना चार्टवर ३ किंवा जास्त ओळींचा फायदा झाला. त्याच रुग्णांच्या दुसऱ्या डोळ्यांत, जिथे काही केलं नव्हतं, तिथे हे प्रमाण १३ टक्के होतं. तीन ओळी म्हणजे ६/६० वाला साधारण ६/३० वर येतो. यात वर्तमानपत्र सरळ वाचता येत नाही. त्यासाठी वरून जवळचा चष्मा किंवा भिंग लागतंच. गाडी चालवायचं तर नावच काढू नका.

आता पेशींचा हिशेब. कॉर्नियाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी पाणी उपसणाऱ्या पंपासारख्या कॉर्निया कोरडी, स्वच्छ ठेवतात. माणसाच्या डोळ्यात या पेशी मेल्या की जागी नव्या येत नाहीत. त्याच चाचणीत ३ महिन्यांत सरासरी २० टक्के आणि वर्षात २५ टक्के पेशी गेल्या. समजा आजीकडे चौरस मिलिमीटरला २४०० पेशी आहेत. वर्षाने राहतील १८००. त्यांवर कॉर्नियाचं भागतं. पण सुरुवातच कमी असेल आणि ऑपरेशनात दाणा कॉर्नियाला घासला, तर कॉर्निया सुजते, धुरकट होते, आणि दुर्बिणीऐवजी कॉर्निया प्रत्यारोपणाची वेळ येते. म्हणून स्पेक्युलरचा रिपोर्ट आधी. आणि म्हणूनच शस्त्रक्रिया करणाऱ्याला “तुम्ही स्वतः अशा किती बसवल्यात?” हे विचारायला लाजायचं नाही. दाणा बसवताना कॉर्नियाला किती धक्का लागतो, हे त्या हातावर अवलंबून असतं.

पाच वर्षांनंतरही फायदा सरासरी अडीच ओळींच्या आसपास टिकलेला दिसला. ७५ च्या आतल्या रुग्णांत तो थोडा जास्त होता. म्हणजे ठरवायचंच असेल तर नव्वदी गाठेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही.

ऑपरेशननंतर दाहविरोधी थेंब साध्या मोतीबिंदूपेक्षा बरेच जास्त दिवस, अनेक आठवडे चालतात. स्टिरॉइडच्या थेंबांनी ज्यांचा दाब चढतो त्यांनी हे आधीच सांगायला हवं. कुठले थेंब कधी घालायचे, ते मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा आणि प्रत्येक बाटलीला वेगळ्या रंगाचं रबर बांधा. रुग्णाला लेबल वाचता येत नाही, हे लिहून देणारे विसरतात.

मग शिकणं

टाके निघाले की खरं काम सुरू होतं. व्हिडिओत हा भाग कधी दाखवत नाहीत. ऑपरेशनआधी प्रशिक्षणाची २ ते ४ सत्रं आणि नंतर काही महिने सराव हा उपचाराचाच भाग धरला आहे. तेवढं करायची तयारी नसेल तर ऑपरेशन करू नये, असं मी स्पष्ट सांगते.

क्रम साधारण असा असतो. आधी आपण स्थिर, वस्तू स्थिर: खुर्चीत बसून दुसरा डोळा झाकायचा आणि भिंतीवरचं घड्याळ शोधायचं. शोधायला पहिल्या दिवशी मिनिटभर लागतं. मग आपण स्थिर, वस्तू हलती: नातू खोलीत फिरतो, त्याच्या चेहऱ्यामागे नजर न्यायची. मग जवळचं काम: भाजी निवडणं, पत्ते खेळणं. रमीचा डाव हा माझ्या मते सगळ्यात उत्तम सराव, कारण त्यात जिंकायची ईर्षा असते. सगळ्यात शेवटी दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष इकडून तिकडे न्यायचं: चालताना साध्या डोळ्याकडे, थांबून समोर बघताना दुर्बिणीच्या डोळ्याकडे. सुरुवातीला दोन आकारांची चित्रं एकावर एक येतात आणि माणूस वैतागतो. मेंदू हळूहळू नको ते चित्र बाजूला सारायला शिकतो. किती दिवसांत, हे माणसागणिक बदलतं. जिना उतरताना दुर्बिणीच्या डोळ्यावर कधीच विसंबायचं नाही. कठड्यावर हात ठेवायचा.

घरच्यांचं काम एकच आणि ते अवघड आहे: टोकायचं नाही. “अहो ते घड्याळ तिकडे आहे” असं सांगितलं की सराव वाया.

मोतीबिंदू आधीच काढून झाला असेल तर

त्या निवृत्त शिक्षकांसारखी स्थिती असेल तर दुसऱ्या प्रकारच्या लेन्स आहेत. त्यांपैकी मला सगळ्यात व्यवहारी वाटते ती शारियोथ मॅक्युला लेन्स. आधीच्या लेन्सच्या पुढे ही दुसरी पातळ लेन्स सरकवतात. तिच्या मधोमध फक्त दीड मिलिमीटरचा भाग १० डायॉप्टरचा, म्हणजे १० नंबरचा असतो, बाकी साधी. उजेडात जवळ बघताना बाहुली आकसते आणि तो मधला भाग कामाला लागतो. पुस्तक १० ते १५ सेंटीमीटरवर, नाकाजवळ धरावं लागतं, पण लांबची आणि कडेची नजर जवळपास तशीच राहते. ती फक्त वाचण्यापुरती आहे. चेहरे ओळखायला तिचा उपयोग नाही.

हिची तालीम तर अगदी स्वस्तात होते. २.५ नंबरच्या चष्म्याने ४० सेंटीमीटरवर किती बारीक अक्षर वाचता येतं ते बघा. मग ६ नंबरच्या चष्म्याने १५ सेंटीमीटरवर. दुसऱ्यात स्पष्ट फायदा दिसला तरच बोलणं पुढे न्यायचं. आणि फायदा दिसलाच, तर तो ६ नंबरचा चष्मा पुरत नाही का, हाही प्रश्न विचारायचाच.

लिपशिट्झ यांनीच नंतर छोट्या आरशांवर चालणारी लेन्स बनवली. तिच्या सुरुवातीच्या रुग्णांवरचं काम चेन्नईत डॉ. अमर अगरवाल यांच्याबरोबर झालं आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे हा विषय भारताला अगदी नवा नाही. पण यांतली कुठलीही लेन्स जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कपाटात ठेवलेली नसते. त्यामुळे आधी हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय किंवा मदुराईचं अरविंद अशा मोठ्या संस्थेच्या लो व्हिजन विभागात रिपोर्ट दाखवा आणि ऑपरेशनचं नंतर बोला. जो डॉक्टर लेन्स सुचवतो त्याला चार गोष्टी विचारा: ही भारतात विकायची परवानगी आहे की चाचणीचा भाग आहे, विमा यातलं काय देतो, प्रशिक्षण कोण देणार, आणि बिघडलं तर ती काढता येते का. चाचणीचा भाग असेल तर संमतीपत्र मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे. चाचणीसाठी पैसे मागितले तर उठून या.

आणि ‘स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन पडदा जिवंत करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तीन महिलांनी पोटाच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या आणि होती ती नजरही घालवली. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ही हकिगत छापून आली. पैसे त्यांनीच मोजले होते. एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत प्रयोग करायला कुणी तयार असेल, तर तेवढ्यावरूनच ओळखा.

या आठवड्यात करायचं

आजाराचं नाव, चष्म्यासह नजर आणि पेशींचा आकडा एका कागदावर लिहा. मोतीबिंदूची तारीख घेतली असेल आणि तातडी नसेल तर फोन करून वर सांगितलेला प्रश्न विचारा. चांगल्या डोळ्याची नजरही चष्म्यासह ६/१८ च्या खाली गेली असेल तर अपंगत्वाच्या दाखल्याचा आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज भरा. दुर्बीण बसो न बसो, ते कार्ड उपयोगी पडतं. फोनच्या सेटिंगमधला भिंगाचा पर्याय आजीला आजच दाखवा. वाचायच्या जागी दिवा खांद्यामागून न लावता कागदाजवळ, डोळ्यावर झोत येणार नाही असा लावा. ताट पांढरं असेल तर भात त्यात दिसत नाही. गडद रंगाचं ताट घ्या.

वाईच्या आजोबांनी ऑपरेशन केलं नाही. गळ्यात दोरीला बांधलेली हातातली दुर्बीण ते घेऊन गेले. गेल्या दिवाळीत सुनेचा फोन आला होता. रोज सकाळी पारावर बसून आलेल्या प्रत्येक एसटीची पाटी ते मोठ्याने वाचून दाखवतात, आणि कंडक्टर वैतागलाय.